नकाशा घेऊन आलेला पाहुणा

मुनवर आमच्या दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला बार्शीचा नवरामुलगा समजले, आणि पाण्याचा तांब्या असा आदळला की निम्मं पाणी त्याच्या पायजम्यावर. ओल्या पायजम्याकडं बघून तो नुसता हसला. मला अजूनच राग आला.

चूक माझी एकटीची न्हवती. त्रेसष्ट साल ते. अब्बांची थोरली बहीण, माझ्या फुफी सकिनाबी, हज करून परंड्याला परत आल्या होत्या. हाजी घरी आला की चाळीस दिवस त्याची दुआ कबूल होते म्हणतात, म्हणून घर माणसांनी भरलेलं. आलेल्याला खजूर द्यायचं, मक्केहून आणलेलं झमझमचं घोटभर पाणी द्यायचं, आणि काय काम काढलं ते चुकूनसुद्धा विचारायचं न्हाय. मग काय, दुआच्या निमित्तानं लोक मुलीही बघून जात. बार्शीचा मुलगा असाच येणार, हे अब्बांनी कानावर घातलं होतं. मी उस्मानाबादला राहून बी.ए. झाले होते, मला पुढं शिकायचं होतं. अब्बा म्हणत, झालं तेवढं बास. लग्न ठरलं की माझी पुस्तकं कायमची ट्रंकेत जाणार होती.

तर हा पाहुणा. दुआ मागायची सोडून त्यानं वही काढली आणि फुफींना विचारू लागला... जिद्दाच्या बंदरावर तुम्ही दवाखान्यात होता म्हणे, खाटा किती होत्या? डॉक्टर कुठल्या देशाचा? रोटीचा आटा कुठनं यायचा? पोरगा चौकस आहे, अब्बा माझ्या कानाशी पुटपुटले. मी मनात म्हटलं, आट्याची चौकशी करतोय, खादाड दिसतो.

पण फुफी खुलल्या. आल्यापासून सगळ्यांनी त्यांच्याकडं मागणंच मागितलं होतं, त्यांच्यावर काय गुजरलं ते कुणी विचारलं न्हवतं. तापानं मी दहा दिवस पडून होते, त्या सांगू लागल्या. डावीकडं जावा बेटावरची बाई, उजवीकडं सुदानची, डॉक्टर मिसरचा, आणि कुणाची बोली कुणाला कळत न्हाय.

त्यानं चटईवर नकाशा अंथरला. एवढा मोठा नकाशा मी कॉलेजातसुद्धा पाहिला न्हवता. हा जावा, हे सुदान, हे मिसर, म्हणजे इजिप्त... आणि हे इथं, जिद्दा. फुफींनी त्या ठिपक्यावर हात ठेवला तर सगळा समुद्रच झाकला.

"मी इथं होते?" त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गल्लीपलीकडं जिला कुणी ओळखत न्हवतं, त्या बाईच्या खाटेभोवती एवढे देश गोळा झाले होते. केवढं हे जग, आणि ते आमच्या चटईवर मावलं होतं. त्याचं नवल मला अजून सरलेलं न्हाय.

राग विसरून मी बोलून गेले, "आपल्या हाजींसाठी आपल्या सरकारचा दवाखाना होता ना तिथं? मग फुफींना मिसरच्या डॉक्टरकडं का नेलं? कुणी ठरवलं ते?"

त्याची पेन्सिल थांबली. पहिल्यांदाच त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं — असं, की मला पदर सावरावा लागला.

"हा प्रश्न माझ्या यादीत न्हवता," तो म्हणाला. "तुमचं नाव?"

"नाव कशाला?"

"ज्याचा प्रश्न, त्याचं नाव लिहावं लागतं."

अन्वरी, मी म्हटलं. त्यानं ते माझ्यादेखत लिहून घेतलं. माझं नाव एवढं सुंदर आहे हे मला तोवर ठाऊक न्हवतं.

अब्बांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, वडील कधी येताल बोलणी करायला? तेव्हा सगळं बाहेर आलं. हा बार्शीचा न्हवताच. उमरग्याचा, दिल्लीच्या विद्यापीठात पश्चिम आशियाचा अभ्यास करणारा. तिथल्या देशांच्या बोली, व्यापार, दवाखाने, त्यांची आपल्याशी दोस्ती-दुश्मनी, हे सगळं शिकत होता आणि त्यासाठी जिल्ह्यातल्या हाजींची घरं धुंडत होता. अब्बा ओशाळले. मी सुटले म्हणून खूश व्हायला हवं होतं... पण मनाला काय म्हणावं, मला लई वाईट वाटलं.

फुफींचं सांगणं सरेना, म्हणून तो आणखी तीन दिवस आला. तो विचारायचा, मी त्यात भर घालायची; मधेच नजर अडकायची आणि फुफी काय म्हणाल्या ते दोघांनाही आठवायचं न्हाय. चौथ्या दिवशी बार्शीचा निरोप आला — शुक्रवारी येतोय.

त्या दुपारी मुनवरनं दिल्लीच्या त्याच्या विद्यापीठाचा प्रवेशाचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला.

"मी आज अब्बांकडं तुमचा हात मागू शकतो," तो म्हणाला. "माझ्या जीवाला तेच पाहिजे. पण मग तुम्ही दिल्लीला याल त्या माझी घरवाली म्हणून. आणि न मागावं, तर शुक्रवारी बार्शीचे येतील. मला... मला सुचत न्हाय काय करावं."

मला सुचलं. फॉर्म उचलला आणि तडक अब्बांपुढं गेले. म्हटलं, बार्शीला नको म्हणून कळवा. मला मुनवर पसंत आहे, पण आधी मला दिल्लीला शिकायचंय, माझ्या स्वतःच्या नावावर.

अब्बा खाली बसले. बाईमाणसाला परक्या मुलखांचं शिकून करायचंय काय, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर फुफींनी दिलं, अब्बांना नावानं हाक मारून.

"दहा दिवस मी पाणी मागत होते, जैनोद्दीन, आणि कुणाला कळत न्हवतं. हिच्यासारखी एक पोरगी तिथं पाहिजे होती."

अब्बांनी डोळे पुसले, पेन मागितला आणि फॉर्मवर सही केली.

मुनवर निघाला तेव्हा उंबऱ्याशी घुटमळला. तुमचं शिक्षण व्हायला दोन वर्षं लागतील, म्हणाला, मी तुमच्यासाठी थांबेन.

"थांबू नका," मी म्हटलं. "पुढं जा अन् माझी जागा धरा."

"कुणी उठवलं तर?"

"सांगा, अन्वरीची हाय. येतेय ती."