मागून येणाऱ्याची लाकडं

माझ्या जावयाला एक खोड आहे. वस्तू संपवेल, पण संपली म्हणून सांगणार नाही. कॉफीच्या भांड्यात तळाला घोटभर गाळ ठेवील आणि भांडं पुन्हा जागच्या जागी. दुधाचा डबा रिकामा, पण फ्रिजमध्ये ताठ उभा. माझी गाडी नेली तर पेट्रोलचा काटा तळाला टेकवून आणील. वर हसून म्हणेल, "मुम्मो, तुम्ही फार मनाला लावून घेता."

नात झाल्यापासून घरातले सगळे मला मुम्मो म्हणतात. आम्हा फिनिश लोकांत आजीला तेच म्हणतात.

आत्ता हे लिहितेय, तर हाच ट्रॅव्हिस माझ्या टेबलाशी बसून फोनवर जंगलातली केबिन शोधतोय. उन्हाळ्यासाठी.

पुन्हा.

म्हणून लिहायला घेतलं. मी शाळेत फार टिकले नाही, पण खोटं बोलण्याची सवयही मला कुणी लावली नाही. पुढे लिहिलंय ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आणि माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

गेल्या वर्षी, ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या आधीचा शनिवार. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या अलीकडचं आमचं जंगल. सरकारी पार्कातल्या बाकी केबिनी भरलेल्या. एकच मोकळी होती, तिथल्या लहान तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला.

"कधीही बघा, ही मोकळीच असते," ट्रॅव्हिस खुशीत म्हणाला.

"संध्याकाळी बाजारात एकच मासा उरला असेल, तर तो का उरला ते विचारावं."

"मुम्मो, चूल आहे, तळं आहे, होडी आहे. अजून काय हवं?"

हायडीला, म्हणजे माझ्या लेकीला, दवाखान्यात ड्यूटी होती. आम्ही तिघंच गेलो. ट्रॅव्हिस, मी आणि सात वर्षांची एल्सी.

गाडी रस्त्याला ठेवायची आणि तळ्याच्या काठाकाठाने चालत जायचं. पायवाट एकच. हे लक्षात ठेवा.

पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. एल्सीचे बूट ओले, बोटं आखडलेली. पण आत लोखंडी चुलीत लाकडं रचून ठेवलेली होती. खाली बर्चच्या झाडाची साल, वर काटक्या, वर बारीक ढलप्या. शेजारची पेटी फोडलेल्या लाकडांनी काठोकाठ. मी फक्त काडी ओढली.

"हे कुणी ठेवलं?" एल्सीने विचारलं.

"आपल्या आधी जो राहून गेला त्याने. निघणाऱ्याने मागून येणाऱ्याची चूल मांडून जायचं, पेटी भरून जायचं. येणारा कसा येईल सांगता येत नाही, बाळा. बोटं इतकी गोठलेली असतील की कुऱ्हाड धरवणार नाही."

माझ्या बापाने मला हेच शिकवलं. आमच्याकडे हे न करणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत.

रविवारी दुपारी निघालो. माझे गुडघे हळू चालतात, म्हणून मी आणि एल्सी पुढे झालो.

"पेटी भर, चूल मांड, मग ये," मी ट्रॅव्हिसला बजावलं.

"हो हो. तुम्ही व्हा पुढे."

तळ्याच्या वळणाशी आलो आणि मागून आवाज आला...

ठक्.

ठक्.

कुऱ्हाडीचा. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पुलापलीकडून, जंगलाबाहेरून आलेल्या जावयाला अक्कल आली.

पण लाकूड फुटत नव्हतं. सुकं लाकूड फुटताना कडकन वाजतं. हा आवाज बोदा होता. ओल्या ओंडक्यावर कुणीतरी घाव घालत होतं... घालतच होतं.

"ओलं लाकूड कशाला फोडतोय हा गाढव?" मी म्हटलं.

"कोण गाढव?"

मी वळले. ट्रॅव्हिस माझ्या मागेच उभा होता. खांद्यावर पिशवी, तोंडात चॉकलेट.

ठक्.

आवाज अजून येत होता.

"नवे लोक आले असतील," ट्रॅव्हिस म्हणाला. पण त्याचं चॉकलेट चावायचं थांबलं होतं.

पायवाट एकच. आमच्या शेजारून कुणीही गेलं नव्हतं. तळ्यापलीकडे केबिन दिसत होती. धुरांड्यातून धूर नव्हता. अंगणात कुणी नव्हतं.

एल्सी हळूच म्हणाली, "मुम्मो, मला थंडी वाजतेय."

तिची थंडी त्या दिवसापासून गेली नाही.

घरी नेलं, गरम पाण्यात बसवलं, दोन रजया घातल्या. पोरीचे हात बर्फासारखे. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही. हायडीच्या घरातली, घर तापवायची गॅसची भट्टी रोज दिवेलागणीला आपोआप विझायची. मेकॅनिक येऊन बघायचा, म्हणायचा, ठणठणीत आहे. तो गेला की पुन्हा विझायची.

पोरगी जेवेना. ओठ निळे. हायडी रडून रडून अर्धी झाली.

मी एल्सीला माझ्या घरी आणलं. माझ्याकडे लाकडाची चूल आहे आणि मागच्या पडवीत बर्चच्या लाकडांची थप्पी, माझा नवरा आर्वो गेला तेव्हापासून मी स्वतः रचलेली. शेजारी चोरतो म्हणून प्रत्येक लाकडाच्या टोकाला मी लाल रंग लावते.

चुलीपाशी पोरीच्या गालावर जरा रंग आला. पण सकाळी पडवीत गेले तर...

थप्पी खाली गेली होती.

दुसऱ्या सकाळी आणखी.

रात्री बर्फ पडलं होतं. पडवीपुढे गुळगुळीत, पांढरं. शेजाऱ्याचं पाऊल नाही. कुत्र्याचंही नाही.

मी ट्रॅव्हिसला बोलावून घेतलं आणि समोर बसवलं.

"पेटी भरली होतीस?"

तो टेबलावरचा फोन उलटापालटा करू लागला.

"ट्रॅव्हिस."

"मी फोनवर बघितलं होतं, मुम्मो. आपल्यानंतर कुणाचंच बुकिंग नव्हतं. थेट वसंतापर्यंत. म्हटलं, कुणासाठी भरायची? होती नव्हती ती सकाळी जाळून टाकली."

मी उठले आणि बूट चढवले. आयुष्यात पहिल्यांदा तो मुकाट्याने माझ्या मागे आला.

लाकडं घसरगाडीवर बांधली, साल घेतली, काडेपेटी घेतली. ट्रॅव्हिसने ओढली. वाटेत एकदाही दमलो म्हणाला नाही.

केबिनच्या दारापुढचं बर्फ कुणी मोडलेलं नव्हतं. दार ढकललं. आत बाहेरपेक्षा जास्त थंडी.

आणि पेटी...

भरलेली होती. काठोकाठ.

प्रत्येक लाकडाच्या टोकाला लाल रंग.

ट्रॅव्हिसने एक उचलून टोकावर अंगठा घासला. "ही तुमची आहेत," एवढंच म्हणाला.

मी चूल उघडली. राख आमचीच, जुनी. एकही लाकूड जळलेलं नव्हतं. लाकडांवरची साल नखांनी खरवडल्यासारखी, चुलीच्या दारापाशी चुरा पडलेला. कुणीतरी मांडायला बघत होतं. बोटांनी जमत नव्हतं.

मी गुडघ्यांवर बसून बापाने शिकवली तशी चूल मांडली. साल, काटक्या, ढलप्या. वर काडेपेटी अर्धी उघडून ठेवली, काड्या बाहेर काढून.

"पेटवू या का?" ट्रॅव्हिसने विचारलं.

"आपल्यासाठी नाही मांडली."

परत फिरलो. वळणाशी येईपर्यंत मी मागे बघितलं नाही. मग बघितलं.

धुरांड्यातून धूर निघत होता. सरळ वर.

घरी आलो तर एल्सी चुलीपासून लांब, खिडकीशी बसून मांस-बटाटा भरलेली पास्टी खात होती. "मुम्मो, मला गरम होतंय," म्हणाली आणि स्वेटर काढून फेकला. हायडी तो स्वेटर छातीशी धरून रडली.

इथं संपायला हवं होतं.

पण गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी मी स्वयंपाकघरात येते, तर माझी चूल...

मांडलेली असते.

खाली साल, वर काटक्या, वर ढलप्या. अगदी माझ्यासारखी. पेटी काठोकाठ. मी मांडत नाही. एल्सी तिच्या घरी असते. दाराला आतून कडी असते.

केबिनमधला तो उपकार फेडतोय म्हणावं, तर तसंही म्हणता येतं. पण आमच्याकडे चूल मांडून ठेवतो तो निघणारा. म्हणजे कुणीतरी माझ्या निघण्याची तयारी करतंय. आणि या घरातून निघायचं माझ्या तरी मनात नाही.

मी ती पेटवत नाही. मोडून पुन्हा माझ्या हाताने मांडते, मगच काडी ओढते. 

आत्ता ट्रॅव्हिस फोन पुढे करून म्हणतोय, "मुम्मो, ही बघा, मस्त आहे. आपल्या आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही."

मी पेन खाली ठेवलं आणि त्याला म्हटलं:

"ट्रॅव्हिस, फोन ठेव आणि आधी कॉफीचं भांडं भर. बुकिंग करणारेच तेवढे येतात, असं तुला वाटतं. पोरीचे हात बर्फ झाले तरी तुला अजून तेच वाटतं. तू कुठंही जा बाबा, माझी एल्सी तुझ्याबरोबर येणार नाही."