चाळीस सह्या, एक्केचाळिसावा वाडगा

"देव नाही, हे विज्ञानाने कायमचं सिद्ध केलेलं आहे!" असं टेबलामागून गरजून एर्गाश तोलिपोवने चहाचा वाडगा ओठांना लावला, खाली नेला, आणि "या अल्लाह" म्हणून मेला.

रमजानची भर दुपार होती. नास्तिकतेच्या या सरकारी व्याख्यात्याने त्याआधी गावातल्या चाळीस जणांना एकेक वाडगा चहा पाजून 'आम्ही रोजा धरत नाही' अशा सह्या घेतल्या होत्या. चहा ओतायला मुद्दाम गावच्या म्हाताऱ्या मुल्लाला, इनोयत दोमलाला उभं केलं होतं. विज्ञानाला तेवढी गंमत चालते.

तपास-अधिकारी ओयदिन खोलमतोवा तीन वाजता पोचली. तोवर चौकशीत दोमलाची दोन बोटं मोडून झाली होती. पाचच्या पोलीसगाडीने त्याला जिल्ह्याला न्यायचं होतं. तिथून मुल्ले परत येत नसत.

"गुन्हा उघड आहे, आपा," पक्षाचा चिटणीस नोरबोय म्हणाला. "ओतणारा हाच."

"मग चाळीस जण जिवंत कसे?"

"विष फक्त शेवटच्या वाडग्यात. बिचाऱ्याच्या पोटात दिवसभर दुसरं काही गेलंच नव्हतं!"

"चहा घ्या, आका. घसा बसलाय तुमचा."

"नंतर घेतो."

खानावळीत स्वयंपाकीण सनोबर डोळे पुसत होती.

"आज एर्गाशने काय खाल्लं?"

"रोजच्यासारखी आठ वाजता तीन अंडी. साऱ्या गावाला ठाऊक आहे. माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसतो, ताट कसं लख्ख! पण आज सकाळपासून घाम फुटलेला, पोट दाबून धरलेलं."

"खिडकीखाली काय आहे?"

"कुत्रा. मेला फार सुटलाय हल्ली."

कुत्रा शेपूट हलवत होता. एर्गाशच्या मानाने त्याची प्रकृती उत्तम होती.

ओयदिनने प्रेताचे बूट काढले. डावा मोजा ओला. हिरव्या चहाचा वास. एर्गाश एकटा राहायचा त्या खोलीत दोन वाडगे धुऊन पालथे घातलेले होते.

साडेचारला तिने दोमला आणि नोरबोय यांना समोरासमोर बसवलं.

"एर्गाश चहा प्यालाच नाही," ती म्हणाली. "टेबलाआड बुटात ओतला. अंडी कुत्र्याला घातली. कारण त्याचा रोजा होता. म्हणजे विष पोटात गेलं ते पहाटेच्या जेवणात, आणि त्या जेवणाला दुसरं कोणीतरी होतं. गाव समजत होतं, तो अंडी खातो. पोट रिकामं आहे हे एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, आका; मघाशी तुम्हीच बोलून गेलात. उंदरांच्या औषधाची कोठी आहे, तिची किल्लीही तुमच्याच कमरेला. आता हा चहा प्या आणि म्हणा, ओयदिन चुकली."

नोरबोयने वाडग्याकडे पाहिलं. हात हलला नाही.

"तुमचाही रोजा?"

"तेविसावा," तो म्हणाला. "एकही चुकवलेला नाही."

"आणि माणूस मारलात?"

"ईदला तो भर सभेत कबुली देणार होता. म्हणे, खोटं बोलून रोजा फळत नाही. माझंही नाव घेणार होता. पंचवीस वर्षांची नोकरी, आपा! शिवाय नास्तिकांना एखादा हुतात्मा हवाच होता."

"आणि या म्हाताऱ्याचं काय?"

"त्याला काय, तो स्वर्गातच गेला असता."

गाडी आली. दोमलाच्या बेड्या निघाल्या आणि नोरबोयला चढल्या. शिपायांना एकच नग न्यायचा होता. कोणता, याबद्दल त्यांचा आग्रह नव्हता.

दोमला मोडकी बोटं छातीशी धरून पुढे आला.

"पोरी, गाडी तासभर थांबेल का गं?"

"कशाला, बाबा?"

"एर्गाशच्या मयताला आंघोळ घालायचीय. माझे हात चालत नाहीत. बाकी गावाने दुपारीच रोजा नसल्याच्या सह्या केल्यात, कोणी पुढे येईना. तेवढ्यापुरता नोरबोय ठेवून जा."