निळ्या धाग्याची चौकशी

छत्री उघडण्यासाठी कौसल्येने मुठीला हात घातला आणि तिची बोटे थबकली. मुठीखाली कोणीतरी निळा धागा बांधला होता. दोन वेढे, वर बारीकशी, घट्ट गाठ. सकाळी हसनाबादहून निघताना तो नव्हता. जालन्याच्या जर्मन भाषेच्या वर्गात शिरून तिने छत्री कोपऱ्यात उभी केली, तेव्हाही नव्हता.

दुसऱ्या कोणा मुलीने तो ओढून फेकला असता आणि ती उन्हात चालू लागली असती. परंतु कौसल्या बीजोत्पादनाच्या घरातली मुलगी होती. पतीच्या पश्चात तिची आई पुष्पाबाई शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट घेत असे. मादी झाडाच्या फुलावर हाताने नराचे पराग लावायचे आणि त्या फुलाच्या देठाला धागा बांधायचा, हे तिथले काम. प्रत्येक बाईच्या धाग्याचा रंग ठरलेला असे. ज्या फुलावर जिचा धागा, ते फूल तिचे. दुसरीने त्याला बोट लावायचे नाही. अशा घरातल्या मुलीच्या वस्तूला परक्याने धागा बांधावा, याचा अर्थ तिने काय घ्यावा?

जिन्यावर उभ्या असलेल्या मुलांकडे पाहून तिने विचारले, "हा धागा कोणी बांधला?"

"मी," एक उंचसा तरुण म्हणाला. भोकरदनच्या कन्हैयालाल यांच्या बियाण्याच्या दुकानातला मुलगा, हर्ष. त्याच्या शर्टाच्या खिशातून धाग्याच्या तीन गुंड्या डोकावत होत्या.

"तुमच्याकडे विचारल्याशिवाय बांधतात का?"

"छत्री तुमची आहे हे ठाऊक न्हवतं. जर्मन भाषेत छत्री पुरुष असावी, असा माझा अंदाज आहे. पुरुषाला निळा, बाईला लाल, तिसऱ्याला हिरवा. वर्गातल्या सगळ्याच वस्तूंना बांधून राह्यलो. चुकलं असेल तर सोडून टाका."

उत्तर सरळ होते. कौसल्येला ते जरा अधिकच सरळ वाटले. एस.टी.त बसल्यावर तिने पुस्तक उघडून पाहिले. छत्री पुरुषच होती. धागा मात्र तिने सोडला नाही... का, हे तिने स्वतःलाही विचारले नाही.

मुलीने संशय घ्यावा, हे योग्यच. परक्या देशी एकटीने नोकरीला जाऊ पाहणाऱ्या मुलीने तर घ्यावाच. कौसल्येचे परिचारिकेचे शिक्षण पुरे झाले होते. जर्मनीतल्या एका रुग्णालयाने तिला घेण्याचे मान्य केले होते; अट एकच, भाषेची परीक्षा. त्या परीक्षेला कोणाला पाठवायचे, हे वर्गाचे शिक्षक तातेराव सर ठरवीत.

सरांनी पहिल्या दिवशी मुलांना धीर दिला होता. हिंदीवाल्यांना दोनच लिंगे ठाऊक असतात, मराठी माणसाला तिन्ही जन्मापासून येतात, तेव्हा घाबरू नका, असे ते म्हणाले होते. तो धीरच सर्वांना नडला. मराठीतली खिडकी 'ती', म्हणून मुले जर्मन खिडकीलाही स्त्री करीत. ती निघे नपुंसक. दार 'ते', म्हणून नपुंसक म्हणावे, तर ते स्त्री. चमचा पुरुष राहिला म्हणून आनंद मानावा, तर शेजारचा काटा बाई झालेला. घरी मारवाडी बोलणारा हर्ष तर रोज नव्या चुका करी. सरांनी खुर्ची विचारली की तो डोळे मिटून विचार करी, आणि मग अशा शांतपणे चुकीचे उत्तर देई की वर्ग हसून लोळे. अखेर सरांनी वैतागून त्याला कौसल्येच्या हवाली केले.

वर्गापासून बसस्थानकापर्यंतची वाट ही त्याची शाळा झाली. ती रसवंतीचा चरक दाखवी, तो लिंग सांगे. ती दुरुस्त करी. तो मान डोलावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुके.

"तुमच्या डोक्यात काही राहतच न्हाई का?" एकदा ती म्हणाली.

"राहतं की. तुम्ही कुठला शब्द सांगताना हसता, ते सगळं बराबर पाठ आहे."

ती हसली नाही. निदान तेवढ्यापुरती तरी नाही. उन्हाच्या बाजूने तो चालू लागला आणि तिच्यावर त्याची सावली पडली. हे त्याने मुद्दाम केले, की... ती रात्रभर याचाच विचार करीत राहिली. त्याच्या प्रत्येक कृतीला तिला दोन कारणे दिसत. एक साधे, आणि एक ज्याने कान तापत.

त्याच्याकडून गुंड्या घेऊन तिने घरही धाग्यांनी भरले. कपाट, आरसा, कंदील, सांडशी. एकही वस्तू सुटली नाही. प्लॉटवरून दमून आलेल्या पुष्पाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या गळ्याचा धागा पाहून तो तसाच खाली ठेवला. मग त्या खोलीभर फिरल्या. शेवटी त्यांची नजर छत्रीवर गेली.

"बाकीच्या गाठी तुझ्या हातच्या हायेत," त्या म्हणाल्या. "ही न्हाई. ही कोणाची?"

कौसल्येने सांगितले. तो केवळ अभ्यास आहे, रंग लिंगाप्रमाणे ठरतात, हेही सांगितले. पुष्पाबाईंनी सर्व ऐकून घेतले.

"अभ्यास असंल तर चांगलंच हाय. पण तो पोरगा बियाण्याच्या दुकानात वाढलाय. धागा म्हंजे काय, हे त्याला कळत न्हाई, असं मला सांगू नको. खात्री करून ये. न्हाईतर तुझा वर्ग बंद."

आईचे शब्द म्हणजे घरातला कायदा होता. वर्ग बंद म्हणजे परीक्षा बंद, आणि परीक्षा बंद म्हणजे नोकरीही गेली. म्हणून दुसऱ्या दिवशी कौसल्या सर्वांच्या आधी वर्गात पोहोचली. हर्षने अंदाजाने बांधलेले धागे चुकलेले असणार; ते आईला दाखवले की साधा अभ्यास सिद्ध होईल, असा तिचा हिशेब होता. पुस्तक हाती घेऊन ती वस्तूमागून वस्तू तपासू लागली. खुर्ची बरोबर. दार बरोबर. खिडकी, दिवा, किल्ली, घड्याळ, फळा... सारेच बरोबर.

तिने पुस्तक मिटले आणि ती बाकावर बसली.

बियाण्याच्या धंद्यातला माणूस तोंडाने वाटेल ते बोलेल, पण खोटा धागा बांधणार नाही. पराग न लावलेल्या फुलाला एक धागा चुकून बांधला, तरी सबंध प्लॉटचे बियाणे नापास होते. हे त्या मुलांच्या हातात बाळपणापासून मुरलेले असते. याचा अर्थ हर्षला सर्व येत होते. मग रोज चुकायचे सोंग कशासाठी? आपण त्याला मन लावून शिकवत होतो आणि तो मनातल्या मनात आपल्याला हसत होता की काय?

तिने जाब विचारला नाही. संशयी माणूस आधी पुरावा गोळा करतो. त्या दुपारी चालताना तिने त्याला गंभीरपणे शिकवले की जर्मन भाषेत पाव ही स्त्री आहे आणि घर हा पुरुष. दोन्ही साफ चूक होते. हर्षने क्षणभर तिच्याकडे पाहिले. त्याच्या ओठांशी काहीतरी आले — आणि परत गेले.

"बरं," तो म्हणाला. "पाव ती. घर तो."

परीक्षेला कोणाला पाठवायचे, हे ठरवणारी तोंडी चाचणी दुसऱ्या दिवशी होती. सरांनी हर्षला नेमके तेच विचारले. त्याने नेमके तेच उत्तर दिले. या वेळी कोणी हसले नाही, कारण सरांचा चेहरा लाल झाला होता. इतके दिवस तुम्हाला हे कोण शिकवते आहे, असे त्यांनी विचारले. नाव सांगा, नाहीतर उद्यापासून वर्गात पाऊल ठेवू नका, असे सर म्हणाले. हर्षने वही मिटली, पिशवी खांद्याला लावली आणि सरांना नमस्कार केला.

तो खरोखरच दाराकडे निघाला.

"सर, मी शिकवलं," ती उभी राहून म्हणाली. "चुकीचं, आणि मुद्दाम. यांना सगळं येतं. या खोलीतला एकूण एक धागा यांनी बांधलाय. तपासून पाहा, एकही चुकलेला न्हाई."

सरांनी हर्षला जर्मनमध्ये काही विचारले. हर्ष खाली मान घालून, परंतु अडखळल्यावाचून, बराच वेळ बोलत राहिला. सरांनी चष्मा काढून पुसला. मग मराठीत एवढेच म्हणाले की परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाने नवशिक्यांची जागा अडवू नये. आणि कौसल्याबाईंनी खाली बसावे, त्यांची चाचणी अजून व्हायची आहे.

चाचणी उत्तीर्ण होऊन ती खाली आली, तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता.

"कधी पास झालात?"

"हिवाळ्यात. संभाजीनगरला. जर्मनीतल्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जागाही मिळाली. इथं मित्राला सोडायला आल्तो... तुम्ही सरांशी भांडत होता, काटा बाई कशावरून म्हणून. मंग मीच नाव घातलं."

"आणि सोंग?"

"मला येतंय म्हणलं असतं, तर तुम्ही मला कशाला शिकवलं असतं?"

"हसत होता तुम्ही मला."

"न्हाई." तो पहिल्यांदाच थोडा चिडला. "काल पावाचं ऐकलं तेव्हाच कळलं की तुम्हाला सारं उमगलं. खरं सांगितलं असतं, तर काल शेवटचं चालणं झालं असतं. म्हणलं, अजून एक दिवस मिळतोय, घ्यावा."

कौसल्येने त्याच्या चेहऱ्यात खोट शोधली. शोधण्याची तिला सवय होती, आणि ती सापडेपर्यंत थांबण्याचीही. या वेळी मात्र तिची नजरच आधी खाली आली.

"हे मला सांगून भागणार न्हाई," ती म्हणाली. "आईला सांगावं लागेल. ती माझ्याहून वाईट आहे."

सायंकाळी शेडनेटच्या दारात पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी हर्षला नखशिखान्त न्याहाळले. त्याला बसा म्हटले नाही, पाणी विचारले नाही. कौसल्येने आधीच सर्व सांगितले होते. काहीही झाकलेले नव्हते.

"सोंगाड्या माणूस मला आवडत न्हाई," त्या म्हणाल्या. "आता सोंग नको. एकच इचारते. तुला काय पाह्यजे?"

विचारताच डोळे मिटून घेणारा, हटकून चुकणारा हर्ष या वेळी क्षणभरही थांबला नाही.

"कौसल्या," तो म्हणाला.

पुष्पाबाईंनी लेकीकडे पाहिले. ती मिरचीच्या रोपाकडे पाहत होती, पण तिचे कान तांबडे झाले होते.

"तू जा तिकडं, तुझ्या कामावर," पुष्पाबाई हर्षला म्हणाल्या. "ही परीक्षा देईल, पास होईल, मंग येईल, तुझ्यासाठी न्हाई, नोकरीसाठी. तिथं गेल्यावर तिला जे वाटंल ते ती ठरवील."

"माझं ठरलंय, आई," कौसल्या म्हणाली, आणि मान वर करून तिने त्याच्याकडे पाहिले — सरळ, निःशंक.