कठड्याला आलेले दात

सरकार यायला अजून अवकाश होता, पण आमच्या घरातली धावपळ आधीच सुरू झाली होती. सरकार म्हणजे आमची नात. तिचं नाव ठेवायच्या आधीच माझ्या नवऱ्याने तिला ही पदवी देऊन टाकली, कारण ती नुसती कुरकुरली तरी सगळी यंत्रणा हलायची. लेक दुसऱ्या गावी राहते. बाळ रांगायला लागलं की महिनाभर राहायला येते, असं तिने कबूल केलं होतं.

आम्ही हे घर नुकतंच घेतलं होतं. आमचा मजला वरचा. बागेच्या बाजूला लांबलचक व्हरांडा, जिन्यापासून थेट आमच्या दारापर्यंत, आणि त्याला लाकडी कठडा. उभे गज, वर हात टेकायला गुळगुळीत पट्टी आणि गुडघ्याच्या खाली एक आडवी पट्टी. कठड्यावर जुन्या रंगाचे इतके थर चढले होते की गजांची नक्षी बुजून गेली होती, आणि उन्हाने त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते.

मी दातांची डॉक्टर आहे. रांगणारं मूल उभं राहायला शिकलं की आधी काय करतं, ते मला विचारा. हाताशी येईल ते धरतं आणि तोंडाशी येईल ते चावतं. आणि इतक्या जुन्या रंगात शिसं असणार. म्हणजे सरकार येण्याआधी तो रंग मुळापासून निघायलाच हवा होता.

दुकानदाराने लगेच गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन पुढे केली. "ताई, ही घ्या. केळं सोलावं तसा रंग सुटतो."

नवऱ्याचे डोळे लकाकले. त्याने ती हातात घेऊन दोनदा नेमही धरून पाहिला.

"खाली ठेव ते," मी म्हटलं. "शिशाची वाफ तुझ्या छातीत जाईल."

"मग घासायचं मशीन घेऊ."

"त्याची धूळ घरभर होईल. ती सरकारच्या गुडघ्यांना लागेल आणि मग तोंडात जाईल."

"तारेचा ब्रश?"

"लाकडाचा पिंजून कापूस होईल."

"मग काय, जिभेने चाटून काढू?"

दुकानदार खो खो हसला. शेवटी रंग फुगवून सोडवणारी पेस्ट घेतली, एक रुंद आणि एक अरुंद स्क्रेपर घेतला. दोन्हींची टोकं मी दुकानातच कानशीने गोल करून घेतली, म्हणजे लाकडाला जखम होणार नाही. शिवाय मास्क, हातमोजे आणि खाली अंथरायला प्लास्टिक. नक्षीच्या खाचांसाठी माझ्याकडे घरचंच साहित्य होतं. दातांवरचं किटण काढायची माझी जुनी हत्यारं, झिजून निवृत्त झालेली.

काम सुरू झालं आणि आम्हाला त्याची चटकच लागली. पेस्ट जाड थापायची, वर प्लास्टिक गुंडाळायचं, चहा होईपर्यंत थांबायचं. मग रंगाला सुरकुत्या पडायच्या, आणि लाकडाच्या रेषेने स्क्रेपर सरकवला की ओल्या सालीसारखी पट्टी गळून पडायची. वर हिरवा, मग सायीच्या रंगाचा, सगळ्यात आत गडद निळा. माझी नणंद मदतीला म्हणून आली आणि जुनी गाणी म्हणत, चुकीच्या शब्दांत, दिवसभर टिकून राहिली. "वहिनी, तू नुसती हुकूम सोड," म्हणायची आणि सगळ्यात जास्त रंग तीच काढायची.

पहिली खूण मला जिन्याजवळ दिसली. खालच्या आडव्या पट्टीवरून निळा पापुद्रा सोलला, तर त्याच्या पाठीवर दोन बारीक उंचवटे होते. त्या जागी लाकडात दोन खाचा, शेजारीशेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

"दात आहेत हे," मी म्हटलं. "दुधाचे. खालचे मधले दोन."

नवरा गुडघ्यांवर बसला. "म्हणजे आपल्याआधी इथे दुसरं सरकार होतं!" त्याला इतका आनंद झाला की त्याने लेकीला लगेच फोन लावला. नणंदेने मास्क खाली ओढून त्या खाचांवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी थोडं पुढे चार दात मिळाले. त्याच्या पुढे आठ. आता आम्हाला नादच लागला. पुढच्या गजांमध्ये कुठला दात येणार यावर पैज, हरेल त्याने चहा करायचा. दाढा पहिल्यांदा दिसल्या तेव्हा नणंदेने टाळ्या वाजवल्या. आम्ही दाराकडे सरकत होतो आणि पट्टीवरचं ते मूल मोठं होत होतं. तोंड एकच होतं. वरचा एक दात जरासा तिरपा होता, तो प्रत्येक खुणेत तसाच तिरपा.

न राहवून मी घर विकणाऱ्या आजोबांना फोन केला. तुमच्याकडचं कोणतं मूल इतकं चावरं होतं, असं हसत विचारलं.

"मूल?" ते म्हणाले. "आम्ही दोघं भाऊ, दोघेही सडेफटिंग. त्या घरात मूल कधी राहिलंच नाही."

"कठडा जुना असेल मग. दुसरीकडून आणलेला."

"छे, नवा करून घेतला होता. सुताराने रंगवूनच आणला. मी उभा राहून बसवून घेतला. निळा रंग ओला होता, माझा सदरा वाया गेला."

फोन ठेवून मी नवऱ्याला सांगितलं, "सुताराचं मूल असणार."

"दोन वर्षं एकच पट्टी चावत होतं?"

"लाकूड वाळत पडलं असेल."

"शक्य आहे," तो म्हणाला आणि समाधानाने पुन्हा पेस्ट थापू लागला. माझंही तेच म्हणणं होतं.

शेवटचा भाग दाराजवळचा. तो मी एकटीच करत होते. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. आतून नणंदेचं गाणं आणि नवऱ्याचं हसणं ऐकू येत होतं.

दुधाचे सगळे दात तिथे होते. पट्टीच्या वर वरचे, खाली खालचे, पूर्ण कमान.

कमान पाहिली की तोंड कुठे होतं ते कळतं; तिची उघडी बाजू जिकडे, तिकडे तोंड. रोजचंच काम माझं. इतके दिवस खुणा सुट्या होत्या, म्हणून लक्षात आलं नव्हतं.

तोंड व्हरांड्यात नव्हतं.

ते कठड्याच्या बाहेरच्या बाजूला होतं.

मी वाकून खाली पाहिलं. खाली बाग, पुरुषभर उंचीच्याही खाली. भिंत सपाट. पाय ठेवायला कुठेही जागा नाही.

 लाकूड पुसलं, घासकागद ओला करून फिरवला, तेलाचा हात दिला. खुणा मात्र बुजवल्या नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही.

सरकार आलं आणि घराची जत्रा झाली. लेक आल्याआल्या कठड्यावर गाल टेकवून म्हणाली, "किती मऊ झालंय गं, आई!" नवऱ्याने छाती फुगवून घेतली. सरकार मात्र कुणाच्याच कडेवर राहीना. खाली ठेवलं की रांगत थेट दाराजवळच्या गजांपाशी जायची, तिथे बसायची आणि बाहेर बघून अंग घुसळत खिदळायची. तिचं हसू ऐकून आम्हीही हसायचो. असं निखळ हसू मी माझ्या लेकीचंही ऐकलं नव्हतं.

चघळायला तिला कडक बिस्किट दिलं होतं. तिने ते गजांमधून बाहेर धरलं.

"चिमण्यांना देतेय बघ," नणंद कौतुकाने म्हणाली.

सरकारने हात आत घेतला. बिस्किटाचा कोपरा गेला होता. कड गोल, स्वच्छ, किंचित ओली.

मी तिला उचललं आणि तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. वर, खाली, शेवटपर्यंत. सगळं गुळगुळीत होतं.

"काय गं आई?" लेकीने विचारलं.

"काही नाही. अजून आले नाहीत."

सरकार माझ्या खांद्यावरून मागे बघत हात हलवत होती. तिला इतका आनंद झाला होता की मला तिला तिथून दूर नेववेना.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या दोन्ही हातांत एकेक बिस्किट देते. एक ती स्वतः चोखते. दुसरा हात बाहेर जातो आणि रिकामा परत येतो. खाली बागेत मी रोज शोधते. आजवर तिथे एक कणही सापडलेला नाही.