हातात आधीच कुणीतरी होतं

भुताखेतांच्या गोष्टींवर मी आयुष्यभर हसत आलोय. आमच्या सर्कशीच्या तंबूत कुणी असलं काही सांगायला बसलं, तर पहिली टिंगल माझीच असायची.

ही गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे. ऐकीव नाही, रचलेली नाही.

आणि ती रात्रीचीही नाही. गेल्या महिन्यातली, मंगळवारची, भर दुपारची. रिकाम्या तंबूतली.

आमचं घराणं झुल्यावरचं. आजोबा झेलायचे, मग वडील, आता मी. झेलणारा म्हणजे झुल्याला गुडघ्यांनी उलटा लटकून समोरून उडत येणाऱ्याची मनगटं पकडणारा. टाळ्या उडणाऱ्याला मिळतात. आम्हाला मिळते ती पाठदुखी.

आमच्या घरची एक रीत आहे. झेलणाऱ्यानं दोन टाळ्या वाजवायच्या. मग उडणारा आपल्या झुल्याची दांडी धरून समोरच्या उंच फळीवरून निघणार. आणि तो निघाला की झेलणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी नाही. ओरडलं की उडणारा बिचकतो आणि भलत्याच वेळी हात सोडतो.

बावीस वर्षांपूर्वी माझी ताई याच झुल्यावर गेली. तिचं एकच मनगट माझ्या हातात आलं, तेही निसटलं. ती जाळीच्या बाहेर पडली.

"पोरीनं वेळ चुकवली," असं वडील मरेपर्यंत सांगत राहिले. मी कधी खोडून काढलं नाही.

खरं असं होतं, की त्या दिवशी मी घाईत होतो. हात न पुसता घामावरच पकडीची पावडर लावली. घामावर पावडर लावली की तिचा चिखल होतो, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तर त्या मंगळवारी माझी लेक पहिल्यांदा कमरेच्या दोरीशिवाय उडणार होती. एकोणीस वर्षांची आहे. आत्यासारखीच हट्टी. खाली फक्त दोर सांभाळणारे मामा होते.

"बाबा, हात पुसलेत ना?" तिनं फळीवरून विचारलं.

मी चरकलो. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. सहज आलं तोंडात."

मी हात तीनदा पुसले. पावडर लावली. उलटा झालो, झोका घेतला.

माझ्या झुल्याच्या दोरांचा आवाज मला पाठ आहे. जाताना एकदा करकरतात, येताना एकदा.

त्या दिवशी येताना...

दोनदा करकरले.

मामांनी वर पाहिलं. "सकाळीच तेल दिलंय रे," ते म्हणाले.

मी दोन टाळ्या वाजवल्या.

लेक फळीवरून निघाली.

आणि त्याच क्षणी... माझ्या हातांत वजन आलं.

अख्ख्या माणसाचं वजन. बारीक मनगटं. गार... आणि ओली. माझे खांदे ताणले गेले, झुला जड झाला. सवयीनं बोटं मिटली.

समोर पाहिलं. लेक अजून तिच्या दांडीवरच होती.

हातांत पाहिलं.

कुणीच नव्हतं.

मग माझ्या मनगटाच्या शिरेवर अंगठा दाबला गेला. एकदा... दोनदा.

ती ताईची सवय होती. नीट पकडली गेली की ती असा अंगठा दाबायची. 'सापडले रे' असं सांगायची तिची पद्धत. आम्हा दोघांशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.



लेक मागच्या झोक्याला गेली होती. आता ती पुढे येणार आणि दांडी सोडणार. तिची नजर माझ्या हातांवर होती. थांब म्हणून ओरडायची सोय नव्हती.

आणि हात तर दोनच.

"ताई, सोड," मी पुटपुटलो.

पकड आणखी घट्ट झाली.

लेकीनं दांडी सोडली.

मी बोटं उघडली आणि सगळा जोर लावून हात झटकले.

वजन गेलं... आणि लगेच लेकीची मनगटं माझ्या हातांवर आदळली. कोरडी, ऊबदार. मी ती अशी धरली, की आठवडाभर तिच्या हातांवर वळ होते.

खाली जाळी धपकन खचली.

लेक माझ्या हातांत लटकलेली. मामा जाळीपासून चार पावलं लांब. जाळीत कुणीही नाही. तरी ती हलत राहिली, आणि मग तिची एक कड दबली... खेळ संपल्यावर आम्ही कडेवरून खाली उतरतो, तेव्हा दबते तशी.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तुम्ही आत्ता कुणाला सोडलंत?"

 

मामांनी दोर तपासले, जाळी तपासली. काही निघालं नाही. लेक आता रोज खेळात उडते आणि मी रोज झेलतो. टाळ्या वाजवल्या की हात रिकामे राहू देत म्हणून देवाला विनवतो. अजून तरी राहिलेत.

झोप मात्र उडालीय. बावीस वर्षं मी मनाला एकच सांगत आलो, की तिचा हात निसटला. आता तेही सांगता येत नाही. या वेळी तिनं मला घट्ट धरलं होतं, आणि मी तिला झटकून टाकलं.