सावली पुढं, फुगा मागं

लोहारा गावच्या शाळेच्या मैदानात सकाळीच फुगा आला होता. गॅसच्या जाळानं तापवलेल्या हवेवर उडणारा, चिंचेच्या झाडाहून उंच, पिवळाधमक. खाली वेताचं मोठं टोपलं. रणधीर नावाचा चालक दोन-दोन पोरांना टोपल्यात घेऊन दोरखंड पुरेल तेवढं वर नेई आणि परत खाली आणी. सृष्टी आणि तिच्या वर्गातली निखत टोपल्यात चढल्या. दोरखंड ताणला आणि कशालाही न घासता मधोमध तुटला.

पोरींना आधी आनंदच झाला. एसटी स्टँड काड्यापेटीएवढा झाला. फुगा वाऱ्याबरोबरच चालल्यामुळं टोपल्यात वारा लागत नव्हता. मोकळं रान दिसलं की उतरू, असं रणधीरनं सांगितलं. निखतची खाला, तिच्या आईची बहीण, ढोकीच्या पुढं वाशी गावात राहायची. तिथवर जाऊ म्हणून ती हट्ट करत होती. सृष्टीला मात्र ढोकी बघायची होती. तिचे आईवडील ऊसतोडीला तिकडं गेले होते आणि ती मावशीकडं राहून शिकत होती.

ऊन पाठीमागून येत होतं. फुग्याची सावली त्यांच्या पुढं पुढं रानांवरून सरकत होती.

सावली एका मेंढपाळावर पडली. म्हातारा कुत्र्याला भाकरी घालत होता. त्यानं काठी उचलली आणि कुत्र्याला हाणायला लागला. वर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. कुत्रं निपचित पडलं तरी काठी थांबली नाही. मग सावली पुढं गेली, तसा तो मटकन बसला आणि कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला नावानं हाका मारू लागला.

पुढच्या फाट्यावर माणसं जीपची वाट बघत उभी होती. सावली आली. एकानं शेजारच्याचं डोकं मैलाच्या दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं. एका बाईनं दुसरीचा गळा धरला. कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. नुसते धपाधप आवाज. ऊन परत आलं तेव्हा कुठं किंकाळ्या सुरू झाल्या.

लोक भांडतातच, असं रणधीर म्हणाला. पण त्यानंतर मोकळी रानं आली तरी तो उतरेना.

"सावलीतलेच मारायलेत," निखत हळूच म्हणाली.

रणधीरनं जाळ वाढवला. फुगा आणखी वर गेला. तेवढ्यानं सावली फिकट व्हायला हवी होती. ती काळी झाली आणि पसरली.

ढोकीच्या कारखान्याचं धुराडं दिसू लागलं. उसाच्या फडात तोडकऱ्यांची टोळी वाकून काम करत होती. प्रत्येकाच्या हातात कोयता. कडेला हिरव्या साडीवर बापाचा जुना पांढरा सदरा घातलेली बाई सृष्टीनं लगेच ओळखली. तिच्या शेजारी बापाचा लाल पटका.

सावली फडाकडं सरळ निघाली होती.

"काका, खाली घ्या."

"गॅस आहे अजून," रणधीर तिच्याकडं न बघता म्हणाला. "वाशीपर्यंत जाता येईल."

"पुढं माझी आई हाय."

हवा सोडायची लाल दोरी त्याच्या डोक्यावर लोंबत होती. सृष्टी टोपल्याच्या कडेवर चढली.

निखतनं तिचा फ्रॉक धरला. "खाली गेलो की सावली आपल्यावर येईल, सृष्टी."

सृष्टीनं दोरीला लोंबकळून सगळा भार टाकला.

वर कापड फडफडलं. फुगा दगडासारखा खाली येऊ लागला. फडाच्या अलीकडं तोडून मोकळं झालेलं रान होतं. सावली फडाच्या कडेवर थांबली आणि माघारी फिरली. त्यांच्याकडं.

टोपलं आपटलं, आडवं झालं.

पिवळं कापड तिघांवर पडलं.

आत अंधार होता. थंड होतं. रणधीर काहीतरी म्हणत होता, मग म्हणेनासा झाला.

मग ऊन आलं. सृष्टीच्या बापानं, रामहरीनं, कापड कोयत्यानं फाडून तिला बाहेर काढलं होतं. टोळी भोवती जमली होती. टोळीतल्या कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. निखत लांब बांधावर बसली होती. सृष्टीनं तिला हाक मारली. ती उठली आणि आणखी लांब जाऊन बसली.

रणधीर अजून कापडाखालीच होता. दोन माणसांनी कापडाची कड उचलली, आत बघितलं आणि परत हळूच खाली ठेवली.

आई सृष्टीचं तोंड पदरानं पुसत होती. पदर लाल होत चालला होता.

"कुठं लागलंय बाळा?" आई विचारत होती. "कुठं लागलंय?"

सृष्टीला कुठंच लागलं नव्हतं.