घरात घ्याल का?

लग्नाआधी मी आणि ताई एकाच कचेरीत होतो. काम गमतीचं होतं. परदेशांतल्या निरनिराळ्या भागांतले लोक इंग्रजीतला एकच उतारा वाचत, त्याच्या टेपा येत. नुसत्या बोलण्याच्या ढंगावरून आम्ही गुण द्यायचे. माणूस हुशार वाटतो का, प्रामाणिक वाटतो का, आणि शेवटचा प्रश्न, याला घरात घ्याल का?

ऐकायची खोली बिनखिडकीची, भिंतींना जाड गाद्या. दाराला आतून कडी नव्हती. टेप संपली की मी माइकवर म्हणायचे, "ताई, झालं. उघड गं." बाहेर यंत्रापाशी बसलेली ताई दार उघडायची.

"चिमणे, आजचा कसा होता?"

"तोंडात गरम बटाटा धरून बोलतो मेला! पण डॉक्टर असावा."

"आणि कालचा?"

"तो कोट घालून आला तरी गुरं वळणाराच वाटेल."

पोट धरून हसायचो आम्ही.

एक बाई मात्र कुणालाच आवडली नाही. प्रत्येक शब्द लांबवायची आणि शेवटी खाली सोडून द्यायची. उच्चार स्वच्छ, तरी ऐकताना मान आखडायची. शेवटच्या प्रश्नापुढे सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. मीही.

तिची टेप पुन्हा लागली त्या दिवशी उतारा संपल्यावरही तिचा श्वास ऐकू येत राहिला. मग हेडफोनमध्ये माझाच आवाज आला. "ताई, झालं. उघड गं."

कडी निघाल्याचं ऐकू आलं. माझ्यासमोरचं दार बंदच होतं.

"चल चिमणे, चहा निवतोय," ताई म्हणाली.

"ताई, मी आत आहे!" मी ओरडले. माझे शब्द लांबले आणि शेवटी खाली पडले.

"टेप चालूच राहिली वाटतं," बाहेर ताई म्हणाली.

किती वेळ दार बडवलं कोण जाणे. गाद्यांनी सगळं गिळलं. शेवटी दार उघडलं तेव्हा बाहेर ताई एकटीच होती. "बाई, तुम्ही..." म्हणत तिनं वर पाहिलं आणि गोंधळली. "अगं, तू?"

मेजावर माझा कप अर्धा रिकामा होता.

तेव्हापासून ताई आधी माझा चेहरा नीट बघायची, मगच बोलायची.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या पुन्हा एका घरात राहतो. ताईला दिसत नाही. बोलण्याआधी मी तिचा हात माझ्या गालावर ठेवते.

आज सकाळी मागच्या खोलीत चादरी काढायला गेले आणि बाहेरून कडी लागली.

"ताई, मी आहे. उघड गं."

काठीचा आवाज दाराशी येऊन थांबला.

"कोण तुम्ही?"

"मी. चिमणी."

काठी मागे वळल्याचा आवाज आला. मग ताई हळूच म्हणाली, "चिमणे, घ्यायचं का गं हिला घरात?"

बाहेर कुणीतरी कप बशीत ठेवला.